घरचं मसाला ॲपल साइडर: उकळायचं नाही, नुसतं तापवायचं

ऑक्टोबर लागला की इथे मॅसॅच्युसेट्समध्ये प्रत्येक दुकानात आणि सफरचंदाच्या बागांच्या दारातल्या प्रत्येक स्टॉलवर तपकिरी, गढूळ रंगाचे मोठे जग रांगेत लावलेले दिसतात. आणि नवीन आलेली आपली मंडळी दरवर्षी मला हेच विचारतात की हे साइडर म्हणजे नक्की काय, त्यात दारू असते का, आणि सगळीकडे ते गरम करून दालचिनी वगैरे घालून देतात ते घरी कसं करायचं. मी गेली अकरा वर्षं दर सीझनला करतेय, आता हात बसलाय, तर एकदाच सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे कुणी विचारलं की हेच पाठवता येईल.

आधी नावाचा घोळ. भारतात साइडर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ती सकाळी पाण्यातून घेतात ती ॲपल साइडर व्हिनेगरची बाटली येते. ती इथे अजिबात चालणार नाही, ते आंबून आंबून व्हिनेगर झालेलं असतं. इंग्लंडमध्ये नुसतं साइडर म्हटलं तर ते पबमध्ये मिळणारं, दारू असलेलं. अमेरिकेत मात्र साइडर म्हणजे सफरचंदं ठेचून, दाबून काढलेला न गाळलेला ताजा रस, दारू नसलेला, आणि दारूवालं असेल तर त्याला मुद्दाम हार्ड साइडर म्हणतात. पूर्वी इथेही साइडर म्हणजे आंबवलेलंच असायचं. तो जॉनी ॲपलसीड म्हणतात ना, जॉन चॅपमन, तो १७७४ साली इथल्याच लेमिन्स्टर गावात जन्मलेला. त्याने पश्चिमेकडे ओहायोपर्यंत बिया पेरून ज्या रोपवाटिका केल्या, त्या झाडांची सफरचंदं नुसती खाण्याजोगी फारशी नसायची, बारकी, आंबट, तुरट, ती बहुतेक साइडरलाच जायची. मग ज्यूस आणि साइडर यात फरक काय, तर ज्यूस गाळून गाळून काचेसारखा स्वच्छ केलेला असतो आणि साइडरमध्ये गर तसाच राहतो, त्यामुळे चवीला ते जाड लागतं, जिभेवर टिकतं.

आता मुख्य गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी ही लक्षात ठेवा. हा चहा नाही. आपला हात असा बसलाय की आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, मसाला सढळ हाताने घालायचा आणि खळखळ उकळायचं, रंग आला पाहिजे, कडक झालं पाहिजे. साइडरला हे सगळं उलटं. खळखळ उकळलं की ताज्या सफरचंदाचा जो वास असतो तो वाफेबरोबर निघून जातो आणि मागे शिजवलेल्या सफरचंदाची चव राहते, लहान मुलांना भरवतो त्या उकडलेल्या गरासारखी. मसालाही फार वेळ उकळला की त्यातला गोडवा संपून कडूपणा उतरायला लागतो, लवंगेचा तर फारच. पहिल्या वर्षी मी घरी १५-१६ लोकांना बोलावलं होतं आणि दालचिनीची पावडर दोन मोठे चमचे, लवंगा मूठभर, असं घालून दीड तास उकळलं होतं. पावडरने सगळं बुळबुळीत झालं, तळाशी शेंबडासारखा थर बसला, आणि लवंगांनी जीभ बधिर होत होती, दाताच्या डॉक्टरकडे होते तशी. सासूबाईंनी दोन घोट घेऊन कप हळूच बाजूला ठेवला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण साइडर स्वतः अप्रतिम होतं, सकाळीच बागेतून आणलेलं, आणि मी ते मसाल्याखाली पुरून टाकलं. तेव्हापासून माझा नियम आहे, आधी चव सफरचंदाची लागली पाहिजे, मसाला मागून आला पाहिजे.

म्हणून आधी सफरचंदांबद्दल बोलू, कारण अर्धं काम तिथेच होतं.

एकाच जातीच्या सफरचंदाचं साइडर सपाट लागतं. नुसत्या गालाचं किंवा नुसत्या रेड डिलिशसचं केलं तर साखरपाणी, नुसत्या ग्रॅनी स्मिथचं केलं तर दात आंबतात. आपल्या आमटीत कसा गूळ असतो आणि आमसूलही असतं, आणि दोन्ही एकमेकांना धरून असतात, तसंच. मी साधारण अर्धी गोड सफरचंदं घेते (गाला, फुजी, गोल्डन डिलिशस, एम्पायर), पाव भाग आंबट (ग्रॅनी स्मिथ किंवा मिळाली तर नॉर्दर्न स्पाय), आणि पाव भाग वासाची, म्हणजे मॅकिंटॉश, मकाऊन, कॉर्टलँड. मॅकिंटॉश नुसती खायला मला फार आवडत नाही, लवकर भुसभुशीत होते, पण रसाला जो सुगंध मॅकिंटॉश देते तो दुसरं कुणी देत नाही. हनीक्रिस्प खायला उत्तम, कुरकुरीत, पण साइडरमध्ये घालायला महाग पडते आणि चवीत तेवढा फरक जाणवत नाही, ती डब्याला द्या. आणि ऑक्टोबरच्या शेवटी एखाद्या जुन्या बागेत रॉक्सबरी रसेट दिसली तर सोडू नका. दिसायला अगदी बटाट्यासारखी, खरबरीत, मातकट सालीची, पण ही अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या जातींपैकी एक, १६०० च्या दशकांतली, बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातलीच, आणि चार-पाच जरी मिसळली तरी साइडरला जो भारदस्तपणा येतो तो लगेच कळतो. बॉल्डविनही तशीच, इथलीच जुनी जात, १९३३-३४ च्या भयंकर थंडीत तिची झाडंच्या झाडं मेली, त्यामुळे आता कमी दिसते.

जग विकत घेणार असाल तर एवढी माहिती बागेतल्या माणसाला विचारायला पुरते. या आठवड्याच्या साइडरमध्ये कुठली सफरचंदं आहेत असं विचारलं की ते खूश होऊन सांगतात. सप्टेंबरचं साइडर पातळ आणि आंबटसर असतं कारण लवकर येणाऱ्या जाती असतात, मी नेहमी ऑक्टोबरच्या मध्यानंतरचं घेते.

एकदा तरी साइडर प्रत्यक्ष काढताना बघा, स्टो, बोल्टन, हार्वर्ड या गावांकडे बऱ्याच बागा आहेत. माझं माहेर कराडकडचं, लहानपणी आम्ही मामाच्या गुऱ्हाळावर जायचो, आणि पहिल्यांदा बागेच्या कोठारात शिरले तेव्हा मला तेच आठवलं, तोच ओला गोड वास, तशाच घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या. सफरचंदं धुऊन वरून यंत्रात पडतात, त्यांचा लगदा होतो, तो लगदा एका जाड कापडावर ओतून पसरतात, कापडाची चारही टोकं घडी घालून पाकिट करतात, त्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर पुन्हा कापड, पुन्हा लगदा, असे आठ-दहा थर. आणि अजून दाब दिलेलाही नसतो, नुसत्या स्वतःच्या वजनानेच चारी बाजूंनी रस ठिबकायला लागतो. मग वरून दाब देतात आणि तो ठिबकणारा रस एकदम धार धरतो. शेवटी कापड उघडलं की आत कोरडा, पोळीसारखा चपटा चोथा निघतो, उसाच्या चिपाडांसारखाच, तो गुरांना किंवा खताला जातो. एका बुशेलला, म्हणजे साधारण ४२ पौंड सफरचंदांना, तीनेक गॅलन (अकराएक लिटर) साइडर निघतं.

सुरक्षिततेचं दोन शब्द, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. झाडाखाली पडलेली सफरचंदं साइडरला घेऊ नका, कितीही चांगली दिसली तरी. बागांमध्ये हरणं फिरतात, जमिनीवर त्यांची विष्ठा असते, आणि त्यातून ई. कोलाय हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चराइझ न केलेल्या, म्हणजे जंतू मरतील इतका न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून मोठी साथ झाली होती, बरीच माणसं आजारी पडली, एक लहान मूल गेलं, आणि त्यानंतरच असल्या बाटल्यांवर धोक्याची सूचना छापायची सक्ती आली. त्यामुळे लेबल बघा. पाश्चराइझ्ड किंवा यूव्ही ट्रीटेड (अतिनील किरणांनी जंतू मारलेलं) लिहिलेलं असेल तर निर्धास्त. काहीच केलेलं नसेल तर कच्चं पिऊ नका, विशेष करून लहान मुलं, गरोदर बायका आणि घरातली म्हातारी माणसं. तापवून पिणार असाल तर प्रश्न मिटतो, १६० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ७१ सेल्सिअसच्या वर गेलं की झालं. दुसरं, सफरचंदाला कुठे मऊ, तपकिरी, कुजका डाग असेल तर तेवढाच भाग काढून वापरायचा मोह होतो, पण बुरशी लागलेलं असेल तर ते अख्खं सफरचंद टाका. त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते तापवून जात नाही. नुसतं खरचटलेलं, पोचा आलेलं, सालीवर ठिपके असलेलं चालतं, उलट बागेत अशी सफरचंदं सेकंड्स किंवा युटिलिटी म्हणून अर्ध्या भावात मिळतात आणि साइडरला तीच घ्यावीत.

आता कृती. पहिली सोपी, जग विकत आणून करायची, माझ्या मते पहिल्यांदा करणाऱ्याने हीच करावी. अर्धा गॅलनचं प्रमाण देते, म्हणजे १.९ लिटर, आठ कप होतात.

साइडर अर्धा गॅलन
दालचिनीच्या ३ इंची काड्या २
लवंगा ५, फार तर ६
ऑलस्पाइसचे अख्खे दाणे ५
आल्याच्या पातळ चकत्या ३-४
संत्र्याच्या सालीच्या बोटभर लांब पट्ट्या २
मीठ अगदी चिमूट
शेवटी किसायला जायफळ

लवंगा इतक्याच का असं वाटेल, पण इतक्याच. ऑलस्पाइस म्हणजे मिरीपेक्षा जरा मोठे तपकिरी दाणे, नावावरून मसाल्याचं मिश्रण वाटतं पण ते एकच फळ आहे, जमैकाकडचं, आणि दालचिनी, लवंग, जायफळ या तिघांचाही वास त्यात येतो, म्हणून साइडरमध्ये ते इतकं शोभतं. सगळा मसाला अख्खाच घ्या, पावडर काहीच नको, का ते वर सांगितलंच. संत्र्याची साल बटाट्याच्या सोलाण्याने काढा, आतला पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवटपणा त्याच्यातच असतो. बरेच जण संत्र्याच्या गोल चकत्या पहिल्यापासून टाकतात आणि मग साइडर कडू का झालं म्हणून विचारतात. चकत्या शोभेला हव्या असतील तर वाढताना टाका. बडीशेपेसारखा वास आवडत असेल तर एखादं चक्रीफूल, पण लहान घ्या, नाहीतर बिर्याणीची आठवण येते. वेलची मी घालत नाही. करून पाहिलंय, वाईट लागत नाही, पण मग ते मसाला दुधाच्या दिशेने जातं आणि सफरचंद मागे पडतं. आणि कुणाला सुचायच्या आत सांगते, दूध घालू नका, रस आंबट आहे, फाटेल.

भांडं स्टीलचं जाड बुडाचं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, लोखंडी कढई नको, पितळेचं तर कल्हई असल्याशिवाय नकोच, आंबट पदार्थ आहे, भांड्याची चव उतरते आणि ते पोटालाही चांगलं नाही. रिकाम्या भांड्यात दालचिनी, लवंगा आणि ऑलस्पाइस कोरडेच मंद आचेवर मिनिटभर हलवा, वास सुटला की लगेच गॅस बंद, करपू द्यायचे नाहीत. मग ते थोडे निवले की एका स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात आल्याबरोबर आणि सालीबरोबर बांधून पुरचुंडी करा. पुरचुंडीचा दोरा लांब ठेवा आणि भांड्याच्या कानाला बांधा, म्हणजे काढताना शोधावी लागत नाही.

साइडरचा जग जोरात हलवून भांड्यात ओता, गर तळाशी बसलेला असतो. पुरचुंडी सोडा, मीठ घाला, मध्यम आचेवर ठेवा आणि आता मात्र तिथून हलू नका. पाच-सात मिनिटांनी वर फिकट तपकिरी फेस येतो, तो डावाने हळूच काढून टाका. मग वाफ दिसायला लागते. मग भांड्याच्या कडेला, जिथे साइडर भांड्याला टेकतं तिथे, मोहरीएवढे बुडबुडे धरतात आणि तिथेच चिकटून बसतात, आणि पृष्ठभाग नुसता थरथरतो, मध्ये एकही बुडबुडा फुटत नाही. ही अवस्था आली की आच अगदी बारीक करा. हेच हवंय आपल्याला. थर्मामीटर असेल तर १८० ते १९० फॅरनहाइट. मध्ये बुडबुडे फुटायला लागले तर भांडं उचलून बाजूला धरा, किंवा कपभर गार साइडर ओता. इलेक्ट्रिक शेगडी असेल तर ती आच कमी केली तरी उशिरा थंड होते, म्हणून जरा आधीच कमी करा. झाकण अर्धवट ठेवा.

अशा आचेवर २५ मिनिटं. पंधराव्या मिनिटाला चव घ्या, मग दर पाच मिनिटांनी. दालचिनी कळायला लागली आणि गिळल्यावर घशात आल्याची हलकी ऊब आली की पुरचुंडी काढून टाका, गॅसवर तीस मिनिटांच्या वर मी ती कधीच ठेवत नाही. साखर आधी घालायची नाही, साइडर स्वतःच गोड असतं. फारच आंबट लागलं तरच शेवटी एखादा चमचा मेपल सिरप, इथलंच आहे आणि चव जुळते. गूळही चालतो, पण चिकीचा किंवा फार काळा गूळ घेतलात तर त्याचीच चव पुढे येते. उलट फार गोड लागलं तर अर्धं लिंबू पिळा. कपात ओतल्यावर वर जायफळ किसणीवर दोन-तीनदा ओढा, भांड्यात नाही, कपावरच, कारण जायफळाचा वास तेवढ्यात उडतो. मोठ्यांपैकी कुणाला रम किंवा बर्बन हवी असेल तर तीही आपापल्या कपात, भांड्यात घालू नका, मुलं त्याच भांड्यातून पितात.

दुसरी पद्धत, अख्ख्या सफरचंदांपासून, प्रेस म्हणजे रस दाबून काढायचं यंत्र नसताना. कष्ट आहेत, पण बागेतून पोतं भरून सफरचंदं आणली आणि मुलं चार दिवसांत खायची बंद झाली की हेच करावं. साधारण ३ किलो सफरचंदं स्वच्छ धुऊन घ्या, सोलू नका, सालीत रंग आणि चव दोन्ही असतात. चार फोडी करून बिया आणि मधला कडक भाग काढा, मिक्सरमध्ये बियांचा चुरा व्हायला नको. मग मिक्सरच्या मोठ्या भांड्यात थोड्या थोड्या फोडी, पहिल्या खेपेला दोन-तीन चमचे पाणी घालून, बारीक करा. अगदी गंध करू नका, जाडसर लगदा राहिला तर रस जास्त सुटतो, फार बारीक केलं की गरच कापडातून बाहेर येतो.

लगदा दहा मिनिटं तसाच ठेवा, डोळ्यादेखत तपकिरी होईल. आपल्याला कापलेलं सफरचंद काळं पडलं की नको वाटतं, आणि मीही आधी लिंबू पिळून ते थांबवायचे, पण साइडरचा तो रंग आणि ती खोल चव हवा लागूनच येते, होऊ द्या. मग चक्क्याला वापरतो तसा स्वच्छ धुतलेला पंचा किंवा मलमलचं दुहेरी कापड पातेल्यावर पसरून त्यात लगदा ओता, टोकं गोळा करून गाठोडं करा आणि आधी नुसतं धरून ठेवा, दोन-तीन मिनिटं, जेवढा आपोआप गळेल तेवढा गळू द्या. मग वरून पिळायला सुरुवात करा, एका हाताने मान धरून दुसऱ्या हाताने पीळ देत देत खाली. एकदम जोर लावलात तर कापड फाटतं किंवा लगदा गाठीतून वर येतो. थोडं पिळायचं, गाठोडं उघडून आतला लगदा हाताने मोकळा करायचा, पुन्हा पिळायचं. दुसऱ्या पिळ्याला जो रस येतो तो जास्त दाट आणि जास्त चवदार असतो, आळस करू नका. तीन किलोचा सव्वा ते दीड लिटर रस निघतो, यंत्राइतका निघत नाही, मनगटं दुखतात हेही खरं, म्हणून घरात कुणी असेल तर दोघांनी मिळून करा, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने पिळायचं. हा रस कच्चा आहे, तेव्हा १६० फॅरनहाइटच्या वर तापवायचाच, आणि मग वरच्याप्रमाणे मसाला, प्रमाण थोडं कमी करून. राहिलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मळला तर थालीपीठ मऊ राहतं, आम्ही मूठभर घालतो.

मिक्सरही नको असेल तर सरळ फोडी करून मोठ्या पातेल्यात, बुडतील इतकं पाणी आणि मसाला घालून दोन तास मंद आचेवर शिजवून, डावाने ठेचून, आणखी थोडा वेळ ठेवून गाळतात, अर्धी वाटी साखरही घालतात. इंटरनेटवर बहुतेक कृती ह्याच असतात. चांगलं लागतं, घरभर वास येतो, पण मी त्याला साइडर म्हणणार नाही, तो सफरचंदाचा काढा आहे, आणि त्यात मसाला शेवटच्या अर्ध्या तासातच घाला, पहिल्यापासून नको.

दिवाळीच्या सुमाराला मंडळाच्या कार्यक्रमाला किंवा घरी जास्त लोक असले तर स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं विजेचं भांडं, बेस्ट. एक गॅलन साइडर, लो वर दोन-अडीच तास, पुरचुंडी पहिल्यापासून आत, तापलं आणि चव उतरली की पुरचुंडी काढा आणि वॉर्मवर टाका, मग संध्याकाळभर लोक आपापलं घेतात. हाय वर ठेवू नका. प्रमाण वाढवताना मसाला त्याच पटीत वाढवू नका, साइडर चौपट केलं तर मसाला तिप्पट पुरतो, लवंगा तर दुप्पटच. बाजूला चकली-चिवडा ठेवला तर कुणाला विचित्र वाटेल असं मला वाटलं होतं, पण भाजणीची तिखट चकली आणि गरम साइडर ही जोडी आमच्याकडे आता ठरलेली आहे, आणि इथले शेजारी साइडर डोनट आणतात तेही त्याच ताटात.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. तिकडे असं ताजं साइडर सहसा मिळत नाही, पण पंच्याची पद्धत जशीच्या तशी चालते. हिमाचल आणि काश्मीरची सफरचंदं ऑगस्टपासून बाजारात येतात आणि किन्नौरची त्या मानाने उशिरा, घट्ट आणि रसाळ, मला विचाराल तर किन्नौरची घ्या. अडचण एकच, तिकडे मिळणारी बरीचशी सफरचंदं डिलिशस वंशाची आहेत, सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१० च्या दशकात हिमाचलातल्या कोटगढला ही झाडं अमेरिकेतूनच नेली होती. ती गोड, पण आंबटपणा कमी. म्हणून तीन किलोत किलोभर हिरवी ग्रॅनी स्मिथ मिसळा, ती नसतील तर शेवटी एक ते दीड लिंबू. ऑलस्पाइस मिळालं नाही तर त्याच्या जागी दोन मिरे आणि जायपत्रीचा नखाएवढा तुकडा टाका, एकदा इथे ऑलस्पाइस संपलं होतं तेव्हा मी असंच केलं आणि कुणाला कळलं नाही. टेट्रापॅकमधला स्वच्छ ज्यूस तापवून हे करू नका, त्यात गर नसतो, मसाला घातला की नुसतं औषधासारखं लागतं.

उरलेलं साइडर ठेवताना मसाला आत ठेवू नका, फ्रीजमध्येही तो उतरत राहतो आणि दुसऱ्या दिवशी लवंगेशिवाय काही लागत नाही. गाळून काचेच्या बाटलीत चार-पाच दिवस छान राहतं. न उघडलेला जग फ्रीजमध्ये फुगलेला दिसला किंवा ओतताना फसफसला तर ते आंबायला लागलंय, ते मुलांना देऊ नका. फ्रीझ करायचं तर जगातून आधी मोठा कपभर काढून घ्या, गोठताना ते फुगतं आणि भरलेला जग फुटतो. जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, ऑक्टोबरचा जग काढून तापवायचा असं आमच्या घरात ठरलेलं आहे आणि त्यासाठी मी दरवर्षी तीन जग बाजूला टाकते.

आणि सीझनच्या शेवटी एक जग आणा आणि त्यावर वरचे सगळे नियम मोडा. मसाला काही नको, पसरट पातेल्यात एक गॅलन साइडर ओतून चांगलं खळखळ उकळा, फेस काढत राहा, तीन-चार तास, शेवटी शेवटी ढवळत, आच कमी करत, कारण तेव्हा पटकन लागतं. आटून आटून सव्वादोन कपांच्या आसपास येतं. शेजारच्या व्हर्माँट राज्यात याला बॉइल्ड साइडर म्हणतात, जुना प्रकार आहे, साखर महाग होती तेव्हा घराघरात व्हायचा. रंग गडद लाल-काळा, चमच्यावरून सावकाश, जाड धारेने पडतं, आणि चव गोड, आंबट, थोडी करपट गोड, म्हणजे आपली काकवीच, फक्त सफरचंदाची. बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवली तर महिनोन्‌महिने राहते. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला गरम घावनावर ही घालून दिली होती, काय आहे ते न सांगता. तिने बोटाने ताटली पुसून खाल्ली आणि विचारलं, कुठल्या गुऱ्हाळाची आहे गं ही.